सेव्हन कार्ड स्टडचे वेगळे प्रकार सुचवा

सुनंदा_इंदूर: दिवाळीत आमच्याकडे सहा-सात जण बसतात. पैसे नाहीत, चिंचोके. तीन पत्तीला मुलं कंटाळली, म्हणून पोकरमधला स्टड शिकवला: दोन पानं झाकलेली, चार उघडी, शेवटचं झाकलेलं. आता वेगळं काहीतरी हवंय, पण सासूबाईंच्या लक्षात राहील असं.

पत्तेवाला: फॉलो द क्वीन खेळा, ताई! उघडी राणी पडली की तिच्यामागून येणारं उघडं पान जोकर. म्हणजे सत्ती आली तर चारही सत्त्या. पुन्हा राणी आली की जुने जोकर रद्द, नवे सुरू. राण्या कायम जोकर. भरलेला हात एका पानात रिकामा होतो, तो क्षण मला फार आवडतो. शेवटचं उघडं पान राणीच निघालं तर काय, हे आधी ठरवा. आम्ही फक्त राण्या धरतो.

मालविका: सासूबाईंना शिकागो. झाकलेल्या पानांत ज्याचं इस्पिक सर्वांत मोठं, त्याला अर्धे चिंचोके. झाकलेला इस्पिक एक्का म्हणजे अर्धा डाव खिशात.

सुनंदा_इंदूर: आणि बेसबॉल? तिर्री-नव्वी जोकर, उघड्या चव्वीला जादा पान?

पत्तेवाला: सहा जणांत खुशाल. सात जणांत ४९ पानं वाटण्यातच जातात, उरतात ३. चव्व्या मात्र ४.