हातोड्याच्या चार ठोक्यांवर बिल्डिंग पाडायची?

रावपुऱ्याचा (धागा काढणारा)
आमची सोसायटी बडोद्यातली, १९८६ची. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट. रविवारच्या मीटिंगमध्ये तीन पानी रिपोर्ट वाचला गेला: इमारत धोकादायक, पाडून नवी बांधा. आधार काय, तर रिबाउंड हॅमर, म्हणजे ठोकल्यावरच्या उसळीवरून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारा हातोडा. तपासणीच्या दिवशी मी तिथंच उभा होतो. माणसानं गिलावा न फोडता पिलरवर टक् टक् केलं, आकडे लिहिले, आणि चहा येईपर्यंत तीन पिलर उरकले. गिलाव्यावर ठोकलं तर आकडा गिलाव्याचाच मिळणार ना? बरं, नीट ठोकला तरी या हातोड्याचा अंदाज २५ टक्के इकडेतिकडे होतो, हे भारतीय मानकातच लिहिलंय. कोअर (तपासायला कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढला नाही, सळई उघडून पाहिली नाही. माझं मत: आधी खरी तपासणी, मग सह्या.

तिसरामजला
काका, नाव लपवलंत तरी ओळखलं. मी ३०२. मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात स्लॅबचा पोपडा पडला, कुकरच्या शेजारी. वर ४०२चं बाथरूम. आत बारा एमएमची सळई होती म्हणे. मी चमच्यानं खरवडली तर पापुद्रेच निघत गेले, मधे पेन्सिलीएवढी उरली. मला कोअर नको, घर हवंय. पादरा-आणंद रस्त्यावरचा गंभीरा पूल १९८५चा होता, ९ जुलै २०२५ला कोसळला. आमचे व्याही पादऱ्याचे, त्यावरूनच आणंदला जायचे. त्याच्याबद्दलही आधी 'चालशे' (चालेल)च म्हणत होते सगळे.

चुनासुरखी
पुलाचं उदाहरण इथं लागू नाही. तिथं प्राथमिक अहवालात पेडेस्टल (गर्डरखालचा टेका) आणि आर्टिक्युलेशन (सांधा) चिरडल्याचं सांगितलं गेलं. ताईंच्या स्लॅबचं दुखणं ओलीचं आहे. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, म्हणून पोपडा फुटतो. हे सगळ्या इमारतीत आहे की बाथरूमखालच्या पट्ट्यातच, ते शोधायला ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन शिंपडा. गुलाबी झालं तर काँक्रीट सळईला अजून सांभाळतंय. रंग आलाच नाही तर कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काँक्रीटचा क्षार मरणं, तिथवर पोचलंय. आणि एक गंमत: कार्बोनेशननं वरचा थर टणक होतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटवर हातोड्याचा आकडा फुगून येतो.

बारा_सह्या
फुगून येतो? मग आतली खरी ताकद रिपोर्टपेक्षाही कमी! स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात.

चुनासुरखी
मुद्दा बरोबर, पकडलंत. पण यांच्याकडे ठोकलंय गिलाव्यावर, तिथं फुगलं की दबलं कुणालाच सांगता येणार नाही. कोअर काढल्यावर कळेल. कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५च्या खाली नाही, तर मानक ते काँक्रीट स्वीकारतं.

मांडवीवाला
लक्ष्मी विलासचा मूळ आराखडा करणारा मेजर मँट, आपलं गणित चुकलं, महाल कोसळणार, या धास्तीनं गेला म्हणतात. महाल अजून उभाय.

बारा_सह्या
महालात तुमच्या बिल्डरची वाळू नव्हती.
असो. कायद्यानं पंचवीस वर्षांवरची इमारत पाडून नवी बांधायला ७५ टक्के संमती लागते, म्हणजे सोळांत बारा सह्या. नऊ झाल्यात. बिल्डर फुकट नवा फ्लॅट देतोय, वर भाडं. दुरुस्तीचे पैसे मात्र प्रत्येकाच्या खिशातून. आणि दुरुस्ती म्हणजे काय असते ते मी पाहिलंय: गंजकी सळई तशीच, वर केमिकलचा हात, वर सिमेंट. दोन पावसाळ्यांत ठिगळाच्या कडेला पुन्हा फुगवटा.

चुनासुरखी
तशी दुरुस्ती मलाही नको. सळईच्या मागून काँक्रीट काढायचं, गंज घासायचा, बारीक झाली असेल तिथं नवी जोडायची, मग मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट). पण तुमच्या पार्किंगचा विषय कुणीच काढत नाहीये. २६ जानेवारी २००१ला भूकंप भुजजवळ झाला आणि बिल्डिंगा पडल्या दोनशेवर किलोमीटर लांब अहमदाबादेत. पडलेल्यांत खाली मोकळं पार्किंग असलेल्या कितीतरी होत्या. वरचे मजले भिंतींनी ताठ, खाली नुसते पिलर, सगळा हेलकावा तिथंच. बडोदा भूकंपाच्या झोन ३मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं. पिलरला भोवतीनं शंभर मिलिमीटरचं जॅकेट (सळई घालून काँक्रीटचं वेष्टण) आणि दोन-चार भिंती, एवढ्यानं खूप फरक पडतो. पाडायचं ठरलं तर नव्या नकाशातही हा प्रश्न बिल्डरला विचारा.

जुनावाडा
आमचा दांडिया बाजारातला वाडा विटा-चुन्याचा. २०२४च्या ऑगस्टच्या पुरानंतर भावानं हौसेनं सिमेंटचा गिलावा केला. ओल आत कोंडली, भिंतीला मीठ फुटलं. खिडकीच्या कोपऱ्यातला तडा उन्हाळ्यात उघडतो, पावसात मिटतो. खाली काळी माती, ती उन्हात आकसते, पावसात फुगते. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून वर्षभर पाहा, मग बोला.

तिसरामजला
वर्षभर? माझा स्लॅब काचेची पट्टी बघत बसणार आहे का? कोअर काढा, गुलाबी करा, काय ते करा. तोवर टेकू कोण लावतंय?

रावपुऱ्याचा
सेंटरिंगवाल्याकडे लोखंडी टेकू बोललोय. उद्या आठला येतो, ओटा रिकामा ठेवा. आणि ४०२च्या बाथरूमचा नळ उद्यापासून बंद. त्यांच्याशी भांडण माझ्याकडे लागलं.