सरकारी कंपनीत एचआरमुळे कामात खरंच फरक पडतो का? (एमबीए प्रोजेक्ट)

रावपुरा_बॉय:
नमस्कार मंडळी, एमएस युनिव्हर्सिटीत एमबीए करतोय, प्रोजेक्टला सरकारी कंपन्यांतलं एचआर आणि कार्यक्षमता असा विषय आलाय. पुस्तकात सगळं गोडगोड. बाबा म्हणतात तिथे एचआर म्हणजे रजेचा अर्ज नि बदलीची ऑर्डर, बस. बडोद्यातलं काही उदाहरण आहे का?

निवृत्त_काका:
अरे जीईबीचंच घे की, म्हणजे आपलं गुजरातचं वीज बोर्ड, रेसकोर्सला ऑफिस आहे, लांब कशाला जातोस. बोर्ड तोट्यात बुडालेलं, १ एप्रिल २००५ पासून त्याच्या सात कंपन्या झाल्या, वीज बनवणारी वेगळी, मोठ्या लाइनी सांभाळणारी वेगळी, वाटणाऱ्या चार आणि सगळ्यांवर मुख्य कंपनी जीयूव्हीएनएल. माणसं काढली नाहीत, नोकरीच्या अटी तशाच राहतील हे युनियनशी आधीच लेखी ठरवलं, म्हणून लोक बरोबर राहिले. आणि हिशोब वेगळे झाल्यावर विजेची गळती कुठे होतेय ते दिसायला लागलं, मग तिथल्या इंजिनियरला विचारता येतं ना! थोड्याच वर्षांत नफ्यात आले.

दांडियाबाजारची_ताई:
काका, सगळं श्रेय एचआरला नको हं. त्याच सुमारास सरकारची ज्योतिग्राम योजना आली, शेतीचे फीडर म्हणजे वीजवाहिन्या गावापासून वेगळे काढले, त्याचाही मोठा हात आहे. हे लिहिलं नाहीस तर व्हायव्हात धरतील बघ तुला.

शिफ्टवाला:
मी केंद्राच्या एका पीएसयूत म्हणजे सरकारी कंपनीत होतो, नाव नको. २००७ च्या पगारवाढीबरोबर पीआरपी आलं, म्हणजे कामगिरीवर पैसे, ऐकायला झकास, पण सोबत बेल कर्व्ह, म्हणजे दहा टक्के लोकांना सक्तीने खालचा ग्रेड. मग आमच्याकडे काय व्हायचं, ज्याची बदली झालीय किंवा जो रिटायर व्हायला आलाय त्याच्या माथी तो ग्रेड मारायचा, बाकीच्यांशी वाकडं कोण घेणार? चांगलं काम करणारा तोच, आळशी तोच, नुसता फॉर्म वाढला. २०१७ ला ती सक्ती काढली एकदाची. माझं मत विचारशील तर अप्रेझलपेक्षा रिकाम्या जागा वेळेवर भरल्या असत्या तर जास्त काम झालं असतं, एक माणूस दोन टेबलं सांभाळतो तिथे कसली कार्यक्षमता.

रावपुरा_बॉय:
भारी! पण आकडे कुठून काढू, आरटीआय टाकू का?

दांडियाबाजारची_ताई:
आरटीआय कशाला, वीज नियामक आयोगाच्या टॅरिफ ऑर्डर वेबसाइटवर आहेत, एमजीव्हीसीएलच्या काढ, त्या चार वाटणाऱ्यांपैकी आपल्या बडोद्याची कंपनी. कर्मचारी खर्च आणि वितरणातली गळती दोन्ही वर्षवार मिळेल, शेजारी शेजारी मांड नि गाइडला दाखव.