अनुभव धागा: परतणे, मागे फिरणे, मुरडणे

आल्या वाटेने पुन्हा जाणं तुमच्या कामात कोणत्या शब्दाने सांगता? घोळ कुठे होतो?

— मुद्रितशोधन. ‘परत’ दुअर्थी आहे. ‘तो परत गेला’ म्हणजे माघारी गेला की पुन्हा एकदा गेला? एकाला ‘परतला’, दुसऱ्याला ‘पुन्हा गेला’ लिहावं. मात्र ‘परतणे’ वाट सांगत नाही. रेल्वेने गेलेला बसने आला तरी परतलाच. तीच वाट हवी असेल तर ‘आल्या वाटेने’, आणि न थांबता लगेच असेल तर ‘आल्या पावली’. ‘पावली’ हे पाऊलचं सप्तमीचं रूप, म्हणून ‘पाऊली’ खोडायचं.

— बातमीतही तेच. ‘पाऊस परतला’ या मथळ्यातून पाऊस गेला की पुन्हा आला, कळत नाही. ‘मान्सून माघारी फिरला’ लिहा. (वायव्य राजस्थानातून माघारीची सरासरी तारीख हवामान विभागाने २०२० मध्ये १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर केली. जुनी तारीख अजून छापली जाते.)

— डोंगरात हा फरक जिवाशी येतो. धुक्यात वाट चुकली आणि ‘परतू या’ म्हटलं, की मंडळी गावाच्या दिशेने सरळ उतरू लागतात. सह्याद्रीत असा ओढा धरून उतरलं की पुढे कडा लागतो. खाली जाता येत नाही, निसरड्यावरून वर चढणं त्याहून कठीण. म्हणून सूचना पूर्ण द्यावी: ‘शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत आल्या वाटेने मागे फिरा.’ चढताना जिथे जिथे ढोरवाट फुटते तिथे थांबून मागे वळून बघावं. उलट बाजूने तीच जागा ओळखू येत नाही, आणि चुका नेमक्या त्या फाट्यांवरच होतात.

— कांदा परततो तेव्हा क्रियापद सकर्मक: ‘ती परतली’, पण ‘तिने कांदा परतला’. खालचं वर करणं हाच अर्थ.

— ‘मुरडणे’ विसरू नका. त्यात पिळणं आहे आणि मागे वळणंही. गौरींच्या बोळवणीला मुरडीचे कानवले करतात ते याचसाठी: गेलेली गौर पुन्हा माघारी वळावी. पारीत सारण भरून अर्धगोल दुमडायचं, कडेला दुधाचं बोट फिरवायचं, मग चिमटीने कड थोडी थोडी आत वळवत न्यायची. कडेला सारण लागलं किंवा पारी वाळली, तर तळताना मुरड उकलते आणि सारण तुपात सांडतं.