मदत हवी आहे : पोरगी रात्री मोबाईल सोडेना

वडगावची_आई: कुणीतरी लवकर सांगा. पोरगी ऐकेना झालीय. परवा फोन काढून घेतला तर हमसून हमसून रडली, घरात कोण गेल्यासारखं. तेव्हापासून धड जेवलेली नाही. पासवर्ड सांगत नाही. उपदेश नको, उपाय सांगा.

तिसरं_गेट: वय किती? कुठलं ॲप? फोन कुणाचा?

कुंदा_स्पेशल: पासवर्ड विसरला असेल तर 'फरगॉट पासवर्ड' दाबा, ओटीपी येतो.

वडगावची_आई: विसरली नाही ओ, सांगत नाही! फोन तिचाच. कॉलेजच्या पीडीएफ येतात म्हणून घेऊन दिला.

निपाणीकर: रात्री ९ ला राउटर बंद. आमच्यात तेच चालतं, पोरगा दहावीला ९२ टक्के. रील्स म्हणजे जुगार. मानसशास्त्रज्ञ स्किनरची प्रयोगातली कबुतरं आठवा, दाणा कधी पडेल ते कळत नसलं की बटण टोचतच राहायची. दहा रील भिकार, अकरावं भारी, म्हणून बोट थांबत नाही.

तिसरं_गेट: रील्स कुणी म्हटलं अण्णा?

वडगावची_आई: स्नॅपचॅट. आमच्यात वाय-फाय नाही. रात्री पावणेबाराला उठून गच्चीवर जाते, फोटो काढते, येऊन झोपते. मी मागनं जाऊन बघितलं. फोटो कसला, तर पाण्याच्या टाकीचा!

मलप्रभाकाठ: ही स्ट्रीक. दोघांनी रोज एकमेकांना एक तरी फोटो पाठवायचा, २४ तासांच्या आत. चुकला की जमलेल्या दिवसांचा आकडा गेला. वेळ संपत आली म्हणून वाळूचं घड्याळ दिसायला लागलं की पोरांचा जीव वर-खाली. फोटोत काय आहे त्याला किंमत नाही, टाकी असो नाहीतर पंखा. 'मी आहे' एवढंच कळवायचं. कितवीला आहे? कुणाला पाठवते?

निपाणीकर: व्यसनच की ते.

मलप्रभाकाठ: व्यसन म्हणून मोकळं होऊ नका. या वयात बरोबरीच्यांनी वगळलं की फार झोंबतं. सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं पोरांना वाटतं, हे एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्येच लिहिलंय. तेव्हा कुठं होता मोबाईल?

येळ्ळूरचा_भात: १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं तेव्हापासून आपलं सगळं तुटलेलंच आहे, एक स्ट्रीक तुटली तर काय मोठं?

तिसरं_गेट: काढला सीमाप्रश्न! धागा पोरीचा आहे ओ.

वडगावची_आई: फर्स्ट पीयूसी, म्हणजे अकरावी, सायन्स. दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी शाळेत होती. जूनमध्ये इथं बेळगावात आलो, ह्यांना मागावर काम मिळालं म्हणून.

मलप्रभाकाठ: हे आधी सांगायचं की ताई! मराठीतून एकदम इंग्रजी सायन्स, आजूबाजूच्या पोरी कन्नडमध्ये हसतात-बोलतात. तिथं ही मुकी. मग बोलायला जुन्याच मैत्रिणी राहिल्या. रागावू नका, नुसतं विचारा. जेवण असंच राहिलं तर टेलिमानसला लावा, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत.

निपाणीकर: तरी राउटर…

तिसरं_गेट: वाय-फाय नाही त्यांच्यात!!

वडगावची_आई: विचारलं. शाळेतल्या दोघी आहेत, एकीनं शिक्षण सोडलंय. निरोप समारंभाच्या दिवशी तिघींनी चालू केलं म्हणे. २३७ दिवस झाले होते. "तू फोन घेतलीस, आता दोन्ही स्ट्रीक गेल्या असतील" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

कुंदा_स्पेशल: काकू, गेलेली स्ट्रीक परत आणायची सोय ॲपमध्येच आहे, 'रिस्टोर' म्हणून. पण उशीर करू नका. फोन कुठाय?

वडगावची_आई: तांदळाच्या डब्यात. काढते.