बोटीनं ऑफिसला गेलेले पुणेकर, लिहा!

परवा खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला आणि लकडी पुलावर माझा पाऊण तास गेला. शेजारच्या रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. म्हणाला, "ताई, पुढच्या पावसाळ्यात होडीच घेतो." मग आठवलं, आपल्यातले कितीतरी जण परगावी खरंच बोटीनं कामाला जात होते. त्यांनी लिहा. भाडं, वेळापत्रक नको, मजा सांगा.

औंधहून

लंडनला होतो तेव्हा ग्रिनिचहून बोट पकडायचो. टेम्सला भरती-ओहोटी असते, लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. म्हणून धक्के तरंगते. त्यांच्याकडे जाणारा लोखंडी पूल सकाळी जवळजवळ सपाट, तर संध्याकाळी घसरगुंडी. नदी कुठवर आलीय ते आधी पोटऱ्यांना कळायचं. भुयारी ट्यूब रेल्वेपेक्षा वेळ जास्त, पैसेही जास्त. पण कॉफी घेऊन खिडकीशी बसलं की टॉवर ब्रिज येईपर्यंत मी कुणाचाच नसायचो.

सहकारनगरहून

बँकेनं कोलकात्याला टाकलं होतं. हावड्याहून लाँचनं बाबूघाट. लाँच धक्क्याला टेकायच्या आधीच माणसं उड्या टाकत. मी आठवडाभर शहाण्यासारखा शेवटी उतरलो, मग मीही उडी मारायला लागलो. एकदा हिनं पाहिलं आणि जी बोलणी बसली! आता तिथं हुगळीखालून मेट्रो जाते, २०२४ पासून. परवा बसून आलो. पाऊण मिनिटात नदी संपली, दिसली तर नाहीच.

बाणेरहून

माझी नदी नव्हे, कालवा. बँकॉकचा सेन सेप. पाणी आपल्या मुठेइतकंच काळं, त्यामुळे माहेरी आल्यासारखं वाटलं. बोटीच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पडदा असतो. समोरून बोट आली की कडेला बसलेल्यानं दोरी ओढून तो वर घ्यायचा. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! पहिल्या दिवशी मी नुसती बघत बसले. मागच्या आजींनी माझ्या खांद्यावरून हात घालून दोरी ओढली, तोवर अर्धी ओळ भिजली होती. कुणी काही बोललं नाही. आजींनी मला रुमाल दिला, बस्स. दुसऱ्या दिवसापासून दोरी माझ्याकडे. तिकीटवाली हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालते आणि पूल आला की वाकते. 'पुढे सरका, पुढे सरका' ऐकत वाढलेली मी तिच्याकडे बघतच राहायचे.

सदाशिव पेठेतून

वर्णनं उत्तम. मुठेत मात्र एक तर पूर, नाहीतर डबकं. मधल्या काळात जलपर्णी आणि डास. 'आज पाणी सोडलेले नाही, सबब बोट बंद. चौकशी करू नये.' पाटी मी आजच रंगवून ठेवतो.

शिवाजीनगरहून

काका, पाटी संगमावर लावू नका. सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर आम्ही रिगाटासाठी, म्हणजे कॉलेजच्या बोटींच्या सोहळ्यासाठी, सकाळी सहाला वल्ही मारायचो. वल्ह्याला जलपर्णी गुंडाळायची, वासाचं तर विचारूच नका. तरी पुलाखाली शिरलं की वरची वाहनं नुसती गुरगुरल्यासारखी ऐकू यायची. तेवढं शांत पुणं मला नंतर कुठं भेटलं नाही.

कोथरूडहून

मी ऑफिसवाली नाही, चालेल ना? लेकीकडे ब्रिस्बेनला तीन महिने होते. जावई सिटीकॅट बोटीनं कामाला जायचे, मी सोबत. ते उतरले तरी मी उतरायची नाही, शेवटच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत. नदी इतकी वळते की मघाशी डावीकडे होती ती इमारत पुन्हा उजवीकडे हजर! पुढच्या डेकवर उभी राहायची मी, शालीचं टोक खोचून. तिथला पोरगा दोर टाकता टाकता रोज मान हलवायचा. एकदा त्याच्यासाठी डब्यातून पोहे नेले. झाकण उघडलं मात्र, सगळी कोथिंबीर नदीत.