घरात सगळ्यांना शुगर, मी बारीक, तरी एचबीएवनसी ६.१. जीन टेस्ट करू का?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. वय ३४, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६३ किलो, हिंजवडीत आयटीत आहे. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज) ६.१ आणि उपाशीपोटीची शुगर १०८ आलं. आजोबांना शुगर होती, बाबांना ४१व्या वर्षी निघाली, दोन्ही आत्यांना आहे, आईकडे मात्र कुणालाच नाही. चेकअपवाले म्हणतात थुंकीवरून जीन टेस्ट करा म्हणजे किती रिस्क आहे ते कळेल, पण चांगलीच महाग आहे. मित्र म्हणतो रक्तातच असेल तर काय करून उपयोग, बायको म्हणते तू एवढा काटकुळा, तुला कशी होईल शुगर. तिला आत्ता पाचवा महिना चालू आहे त्यामुळे बाळाचं पण टेन्शन आलंय. कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

मुक्ता_के
मी बायोलॉजी शिकवते त्यामुळे जीनचं तेवढं सांगते, औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल घ्या, तिथे एकच जीन बिघडलेला असतो, आईवडील दोघांकडून तो आला की आजार होतो, म्हणून तिथे टेस्टचं उत्तर सरळ मिळतं. टाइप २ डायबेटिसचं, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या शुगरचं, तसं नाहीये. त्यात जीनोममधल्या (म्हणजे आपल्या सगळ्या जीनच्या साठ्यातल्या) शेकडो जागा सापडल्यात आणि प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. सगळ्यात ठळक म्हणतात तो टीसीएफ७एल२, आइसलंडच्या संशोधकांनी २००६ मध्ये शोधला, त्याची धोक्याची एक कॉपी असली तर रिस्क साधारण १.४ पट होते, बस. म्हणजे ती कॉपी असूनही आयुष्यभर शुगर न होणारे भरपूर लोक आहेत आणि नसूनही होणारे आहेत. ह्यातले बरेचसे जीन स्वादुपिंडातल्या बीटा पेशींशी संबंधित आहेत, म्हणजे गरज पडल्यावर इन्सुलिन किती सुटणार हे थोडंथोडं ठरवतात.

आणि हा अभ्यास जास्त करून युरोपियन लोकांच्या सॅम्पलवर झालाय, त्यावरून काढलेला रिस्क स्कोअर आपल्याला तितका नेमका बसत नाही. घरातल्या चार जणांना शुगर आहे ही माहिती तुमच्याकडे फुकट आहेच, त्यात जीनही आले आणि एका घरातलं जेवणखाण, बसून राहणं, जागरणं हेही आलं. त्या टेस्टने ह्यापेक्षा फार वेगळं काही हाती लागेल असं मला वाटत नाही. आणि मित्राचं म्हणणं तर साफ चूक आहे, जीन असला म्हणजे आजार ठरलेलाच असं ह्या आजारात नसतं.

डॉ_पेठेतली
दादा, काटकुळा असणं आणि शुगर नसणं ह्याचा आपल्या लोकांमध्ये फार संबंध नाही, आणि हे समजलं त्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या प्रा. युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा स्वतःचाच फोटो दिला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. तुमचा बीएमआय २२च्या आसपास येतो म्हणून निर्धास्त राहू नका. टेप घेऊन पोटाचा घेर मोजा, पुरुषांना ९० सेंमीच्या वर नको.

हे जन्मापासूनच दिसतं. पुण्याजवळच्या गावांत १९९०च्या दशकात गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५, पण आपल्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे जीनच्या जोडीला पोटात असताना मिळालेलं पोषणही पुढचं बरंच ठरवतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, जास्त. त्यामुळे वहिनींचं बी-१२ तपासलंय का ते बघा, शाकाहारी असतील तर नक्की, आणि शुगरची टेस्ट झालीय का तेही विचारा. गोळ्या मनाने चालू करू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

भोरचा_पाहुणा
जीन टेस्ट अगदीच बिनकामाची नसते हं. माझ्या मावसभावाला १९व्या वर्षी शुगर निघाली, टाइप १ (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) समजून कित्येक वर्षं इन्सुलिन चालू होतं, तो पण बारीक आणि घरात आजोबा, मावशी, तो अशी सरळ तीन पिढ्यांची रांग. मग एका डॉक्टरांना शंका आली, टेस्ट केली तर मोडी (MODY) नावाचा डायबेटिसचा प्रकार निघाला, एचएनएफ१ए नावाच्या एकाच जीनमुळे होणारा. आता गोळीवर आहे, इंजेक्शन बंद.

डॉ_पेठेतली
बरोबर आहे, तिथे टेस्टमुळे औषधच बदलतं म्हणून ती करायची. पण मोडी साधारण पंचविशीच्या आत दिसतो, सिंहगडरोडकरांच्या बाबांना ४१व्या वर्षी निघाली, त्यामुळे मला तो कमी वाटतो. तरी तुमच्या फिजिशियनना घरातल्या प्रत्येकाचं शुगर निघालं तेव्हाचं वय सांगा, तेवढी वंशावळ कागदावर लिहून न्या.

सिंहगडरोडकर
ताई, घेर मोजला, ९२ निघाला!! बायको पूर्ण शाकाहारी आहे, फोलिक ॲसिडची गोळी चालू आहे पण बी-१२ कधी तपासलेलं नाही, उद्याच डॉक्टरांना फोन करतो. माझ्यासाठी आता नक्की काय करू?

डॉ_पेठेतली
फोलिकची गोळी बंद करायची नाही हं, ती बाळासाठी हवीच, फक्त बी-१२ बघून घ्यायचं. तुमचं एचबीएवनसी ६.१ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी, ५.७ ते ६.४ मधलं. अमेरिकेतल्या २००२च्या मोठ्या ट्रायलमध्ये आहार आणि व्यायामाने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, भारतातल्या २००६च्या ट्रायलमध्ये २८.५ टक्क्यांनी, आणि ती माणसं तर आपल्यासारखीच, फार जाड नसलेली. वजन खूप उतरवायच्या मागे लागू नका, तुमच्याकडे उतरवायला वजन नाहीच, स्नायू वाढवायचेत, कारण जेवणानंतरची साखर जास्त करून स्नायूच उचलतात. आठवड्यातून दोनतीनदा वजनं उचला, रोज चाला, ताटात भातपोळी थोडी कमी करून डाळ, उसळ, दही वाढवा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा आणि ते आकडे इथे टाका, मी बघते.