प्रतिसाद: तार अख्खी, तरी फ्यूज गेलेला

काचेच्या फ्यूजमधली तार अख्खी दिसते, काचही काळी नाही, तरी मीटर कंटिन्युइटी (वीज आरपार जाते हे) दाखवत नाही, असं का, हे वर विचारलंय. वागळे इस्टेटमध्ये आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पॅनेलांत हे नेहमीचंच. फ्यूजच्या टोकाची धातूची टोपी चिमट्याने हलकेच फिरवून बघा, बऱ्याचदा हातात येते.

अशा फ्यूजमध्ये तार टोपीच्या आत सोल्डरच्या थेंबाने धरलेली असते. कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळतं, तारेचं तांबं १०८५ला. होल्डरची क्लिप सैल झाली की टोपी तापते, सोल्डर मऊ पडतं आणि तार निसटते. म्हणजे फ्यूज उडालाच नाही, सांधा सुटला.

यावर उपाय म्हणून सोल्डर न वापरता तार नळीच्या कडेवर दुमडून वरून टोपी दाबून बसवतात. पण मग सगळी भिस्त दाबावर. टोपी किंचित ढिली राहिली तरी रोध वाढतो, आणि तो साध्या मीटरवर कळत नाही. चार तारांचा मिलिओहम मीटर (अगदी बारीक रोध मोजणारा) लागतो. एचआरसी (मोठा प्रवाह तोडू शकणाऱ्या) फ्यूजमध्ये तारेऐवजी असलेली पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडतात, मला तेच भरवशाचं वाटतं. (त्या पट्टीवरचा कथलाचा ठिपका सांधा नव्हे बरं का! बराच वेळ ओव्हरलोड राहिला की तो वितळून चांदी-तांबं विरघळवतो आणि पट्टी कमी तापमानाला तुटते.)

तुमच्या बाबतीत नवा फ्यूज घालण्याआधी होल्डरच्या क्लिप बदला. निळसर झाल्या असतील तर त्यांचा ताण गेलाय, वाकवून उपयोग नाही.